ते माझं तेल नव्हतं

३ नोव्हेंबर, सोमवार

आज गॅरेजवर टेम्पोतून एक गाडी उतरवली. दोन सीटची, लाल, वर टप नाही, विलायती. आमच्या गावच्या माऊलीनं पुण्यातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून घेतली. गाडी माझ्या आईपेक्षा वयानं मोठी आहे. वडीगोद्रीच्या रस्त्यावर कापसाच्या नाहीतर उसाच्या गाड्याच थांबतात, त्यामुळे शेजारच्या हॉटेलातली गिऱ्हाइकं हातात भजी घेऊन बघायला आली.

गॅरेजच्या मालकांनी, साहेबराव उस्तादांनी, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "ही गाडी हाय का चप्पल?"

माऊली हसला. "उस्ताद, चप्पल असली तरी पायातून निसटाय नको. जळगावला जुन्या गाड्यांचा मेळावा हाय. अजिंठ्याच्या घाटातून उतरायचंय."

दोष असा: दुसरा गिअर टाकताना करकरतो आणि उतारावर आपोआप निसटतो. घाट दुसऱ्याच गिअरवर उतरायचा असतो. तो निसटला की इंजिनाची पकड सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. या गाडीचा ब्रेक जुन्या पद्धतीचा आहे, चारही चाकांना मिळून ब्रेक ऑइलची एकच वाट.

मी आणि माऊली चौथीपर्यंत एका वर्गात होतो. तो मला म्हणतो, "तू म्हण ना रे." माझ्या तोंडातून तुम्हीच निघतं.

५ नोव्हेंबर

उस्तादांनी गिअरबॉक्स उघडला. एक स्प्रिंग थकली होती, ती बदलली. गिअर बसताना पकड देणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगा अजून चांगल्या आहेत. उस्ताद म्हणाले, "आता तेल तू निवड. मला लोखंड कळतं, तुला वाचायची खोड हाय."

माझं आयटीआय एका वर्षात सुटलं, पण वाचायची खोड खरी आहे. गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक शब्दकोश घेऊन वाचलं. गिअर ऑइलच्या डब्यावर जीएल लिहून पुढे आकडा असतो. पाच नंबरचं तेल जास्त दाब सोसतं, पण त्यात गंधक जास्त. ते पितळेला हळूहळू खातं, आणि इतकं निसरडं असतं की रिंगांना पकडच मिळत नाही. म्हणजे चार नंबर हवं. पण दुकानात गेलो तर दुकानदार म्हणाला, "चारच्या भावात पाच देऊन राह्यलो, तरी तुझं तोंड वाकडं! लोक पाचसाठी भांडतात."

तिथं उभ्या असलेल्या ट्रक ड्रायव्हरनंही तेच सांगितलं. मोठा आकडा म्हणजे मोठी ताकद. मी रिकाम्या हातानं परत आलो. पुस्तक साठ वर्षांपूर्वीचं आहे. तेव्हाचं चार आणि आताचं चार एकच असेल का? पुस्तकवाल्यांनी अजिंठ्याचा घाट कुठं पाहिला होता?

८ नोव्हेंबर

आज हरिओमदादा आले. माऊलीचे थोरले चुलतभाऊ. माऊलीचे वडील गेल्यापासून दोन्ही घरची शेती तेच बघतात. पांढरे कपडे, कडक इस्त्री. तरी माझ्याबरोबर गॅरेजच्या खड्ड्यात उतरले आणि गाडी खालून बघितली. असं कुठलंही गिऱ्हाईक करत नाही.

"गिअर निसटला तर मंग गाडी कशावर थांबणार?"

"ब्रेकवर, दादा. आणि हँडब्रेक."

"म्हणजे दोनच आधार. ब्रेकची नळी कुठून जाती?"

मी बॅटरीचा उजेड धरून नळी दाखवली. तांब्याची, मागच्या चाकाकडे जाणारी. हँडब्रेकची तार कुठं अडकवलेली असते तेही दाखवलं. त्यांनी बोट लावून बघितलं. वर आल्यावर रुमालानं हात पुसत म्हणाले, "घाटात काही झालं तर लोक काय म्हणतील? गिअरच निसटला म्हणतील ना?"

मी म्हटलं, हो, या गाडीचा तोच दोष सगळ्यांना माहीत आहे.

"म्हणून तेल बराबर निवड. सगळं तुझ्या तेलावर हाय."

एवढ्या बारकाईनं विचारणारा माणूस मला पहिल्यांदा भेटला. मी त्यांना माझी शंका सांगितली: पुस्तक चार म्हणतं, लोक पाच म्हणतात, मला रात्री झोप लागत नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. उस्ताद असं ऐकत नाहीत. म्हणतात, "तेलाशी लगीन लावायचंय का?"

१२ नोव्हेंबर

जालन्याहून चार नंबरचं तेल आणलं. सीलबंद डबा.

आमच्याकडे तेल दाखवायची रीत आहे. हायवेच्या गॅरेजांवर जुनं तेल गाळून ओततात असा बोभाटा झाला होता, तेव्हापासून उस्ताद डबा गिऱ्हाइकासमोर फोडतात, थोडं तेल त्याच्या तळहातावर घालतात, आणि मगच ओततात. गिऱ्हाईक एकटं असलं तरी चालतं. हरिओमदादांनी मात्र हॉटेलातल्या सगळ्यांना बोलावलं.

"या, बघा! आमच्या संघपालनं निवडलेलं तेल हाय. उस्तादानं न्हाई, माऊलीनं न्हाई, ह्यानं. काय रे, सांग सगळ्यायला."

मी म्हटलं, "हो, मी निवडलं."

"जोरात सांग की!"

मी जोरात सांगितलं. लोक हसले. एक जण म्हणाला, "आता ह्याच्या तेलाची पूजा घाला." माझे कान तापले होते, पण छातीही भरून आली. उस्ताद मात्र हसले नाहीत. नंतर म्हणाले, "तेल दाखवायचं ते गिऱ्हाइकाला. अख्ख्या गावाला कशापायी?"

तेलाला गंधकाचा वास येतो, सडक्या अंड्यासारखा. दोनदा साबण लावला तरी जात नाही. आता हा वास मी डोळे मिटूनही ओळखीन.

१५ नोव्हेंबर

माऊलीनं मला शेजारी बसवून गाडी अंबडपर्यंत नेऊन आणली. दुसरा गिअर लोण्यासारखा बसतो. उतारावर मुद्दाम सोडून बघितला, निसटला नाही. माऊली ओरडला, "भावा, जिंकलं!"

येताना बांधावर गाडी थांबवून त्यानं त्यांचं शेत दाखवलं. म्हणाला, "जळगावहून आलो की वाटणीसाठी मोजणी आणतो. आजोबाच्या वेळंपासून सगळं एकत्रच हाय. दादानं लई केलं, पण आता वंदना म्हणते आपलं आपण बघू." वंदनावहिनी त्याची बायको, यंदाच लग्न झालं.

"हरिओमदादांना सांगितलंत?"

"सांगितलं की. हसला. म्हणाला, आधी गाडी तर आण घाटातून."

मला मात्र सारखं वाटतं, अंबडचा उतार तो केवढासा. घाटात तेल तापेल, पातळ होईल, तेव्हा काय? पाच घातलं असतं तर?

१७ नोव्हेंबर

संध्याकाळी हरिओमदादा आमच्या घरी आले. ओट्यावर नाही, आत येऊन बसले. आईनं चहा केला, त्यांनी प्यायला. माझ्या अक्षराचं कौतुक केलं, भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो बघून दोन शब्द चांगले बोलले. म्हणाले, "शनिवारी तू पण चल. राजूरला गणपतीपुढं गाडीची पूजा करू, मंग भोकरदन, सिल्लोड, अजिंठा. तेलाचा जाणकार संग पाहिजे."

ते गेल्यावर आई कप तसाच हातात धरून बसली.

"त्या घरच्या रानात मी पंधरा वर्सं खुरपलं, संघू. माझ्या सासूनं खुरपलं. त्या घरातल्या एकानंबी आपल्या कपाला तोंड लावलं न्हाई. आज ह्याला काय तहान लागली?"

मी म्हटलं, "आई, माणसं बदलतात."

"बदलत्यात. पण काम असल्याबिगर न्हाई."

आईला चांगल्यातही वाईट दिसतं.

२१ नोव्हेंबर

उद्या निघायचं. आज सगळी गाडी तपासली. गिअर ऑइल काठोकाठ. ब्रेक घट्ट. हँडब्रेकच्या तारेची पिन झिजली होती, तिथं नवी स्प्लिट पिन घालून ती निसटू नये म्हणून तिची दोन्ही टोकं माझ्या हातानं वाकवली. ब्रेक ऑइलच्या डबीत खुणेपर्यंत तेल होतं.

गाडी गॅरेजमध्येच राहू द्यावी असं उस्तादांचं म्हणणं होतं. हरिओमदादा म्हणाले, "रस्त्यावर लोक हात लावत्यात. माझ्या शेडमंदी कुलूप हाय." ते स्वतः घेऊन गेले. काळजी करणारा माणूस.

२२ नोव्हेंबर

माऊली गाडीसकट घाटात दरीत गेला. जिवंत आहे. संभाजीनगरच्या दवाखान्यात आहे. लिहिता येत नाही.

२४ नोव्हेंबर

आता झालं तसं लिहितो.

राजूरला सकाळी पूजा झाली. चाकापुढं नारळ फोडले. माऊलीनं गुलाल लावला. मी वाकलो तर मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला फरशीवर ओला डाग दिसला.

हरिओमदादा मागेच होते. "काय रे? नारळाचं पाणी असंल. का तुझं तेल गळून राह्यलं?"

मी बोट लावून वास घेतला. गंधक नाही. तेलासारखं निसरडं, पण पातळ, आणि वास जरा गोडसर. माझं तेल नव्हतं. जिवाला इतकं बरं वाटलं की हात जोडावेत असं झालं. तरी खात्री हवी म्हणून पाना मागून घेतला आणि गिअरबॉक्सची पातळी बघितली. काठोकाठ होती. तेवढ्यात हरिओमदादांनी बाटलीतलं पाणी ओतून फरशी धुतली. म्हणाले, "देवाच्या दारात घाण नको."

राजूरपासून अजिंठ्यापर्यंत मी माऊलीच्या शेजारी होतो. वंदनावहिनी हरिओमदादांच्या गाडीत. वाट सगळी सपाट. माऊली गाणी म्हणत होता, रस्ता मोकळा, ब्रेकची फारशी गरज पडली नाही. अजिंठ्याला चहा घेतला. तिथं हरिओमदादा मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू माझ्या गाडीत ये. गिअरचा आवाज मागून चांगला ऐकू येतो."

वंदनावहिनी म्हणाल्या, "मग मी बसते की ह्यांच्याजवळ."

"न्हाई न्हाई, वंदना. अंगावर सोनं, गाडी उघडी. तू हितंच बस."

माऊलीनं मागं वळून माझ्याकडं बघून अंगठा वर केला आणि उतरायला लागला.

हरिओमदादा एरवी गाडी जोरात चालवतात. त्या दिवशी खूपच मागे राहिले. मी म्हटलं, इतक्या लांबून आवाज ऐकू येणार नाही. त्यांनी वेग वाढवला नाही. पहिल्या वळणावर लाल गाडी नीट वळली. दुसऱ्या वळणाआधी तिचा मागचा दिवा पेटलेला दिसला. दिवा पेटलेलाच राहिला. गाडी मात्र हळू झाली नाही. मग हॉर्न. एकसारखा हॉर्न. मग कठड्याचा आवाज आला आणि हॉर्न थांबला.

मी ओरडलो, "गिअर निसटला!"

हरिओमदादा म्हणाले, "हां. गिअर निसटला." पहिल्यांदा तेच म्हणाले की मी, आता आठवत नाही. बहुतेक मीच.

ब्रेक दाबलेला असूनही गाडी थांबली नाही, म्हणजे गिअर सुटून तिला ब्रेकच्या आवाक्याबाहेरचा वेग आला असणार. त्यांनी मला त्या गाडीतून उतरवलं नसतं तर मीही गेलो असतो. माझा जीव त्यांनी वाचवला.

२७ नोव्हेंबर

माऊली अजून शुद्धीवर नाही. डॉक्टर म्हणतात आशा आहे, डोळ्यांची हालचाल होते. हरिओमदादा तिथून हलत नाहीत. वंदनावहिनींनाही घरी पाठवलं, "तू आराम कर, मी हाय ना." मी भेटायला गेलो तर मला जिन्यातच थांबवलं.

खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मी एका जाणकाराला फोन केल्ता. तो म्हणतो घाटासाठी पाचच घालायला पाहिजे होतं. चार पातळ पडलं. तुझा इरादा वाईट नव्हता, मला माहीत हाय. पण पोलीस विचारत्यात. तू आपण होऊन सांगितलंस तर वकील मी देतो. लपवलंस तर मंग मला काही करता यायचं न्हाई."

मी रडलो. इतके दिवस मनात तेच होतं. पाच, पाच, पाच.

"आणि एक. गाडीबद्दल कायबी आठवलं तर आधी मला सांगायचं. उस्तादाला न्हाई. म्हातारा त्याचं गॅरेज वाचवायला तुला पुढं करंल." मी तसा शब्द दिला.

२९ नोव्हेंबर

उस्ताद न विचारताच मला घाटाखालच्या फर्दापूरला घेऊन गेले. गाडी तिथं पोलीस ठाण्यामागं ठेवली आहे. शिपायानं लांबून बघा म्हणून सोडलं. पुढचा भाग पूर्ण आत गेलेला, सीटवर अजून गुलाल.

उस्तादांनी वाकून आत बघितलं आणि मला हाक मारली. "संघ्या, गिअर बघ. सेकंडलाच हाय. निसटलेला न्हाई."

"धडकेत परत बसला असेल, उस्ताद."

"धडकेत गिअर निघतो बेटा, बसत न्हाई. आणि ऐक, तेल चुकलं तर गिअर करकरंल, रिंगा झिजत्याल, वर्षानं बॉक्स बसंल. तेलानं गाडी दरीत जात न्हाई. तुझं चार बराबर होतं. पाच घातलं असतं तर मी तुला झोडला असता."

उस्ताद चांगले आहेत. मला दोष लागू नये म्हणून असं बोलतात.

त्यांचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून खालून मी बघितलं. गिअरबॉक्स फुटलेला नाही, बुचाशी माझं तेल अजून आहे, तोच वास. मागच्या चाकाकडे जाणारी तांब्याची नळी मात्र तुटली आहे. नळी ओढली गेली की टोक लांबट होऊन फाटतं. हिचं टोक अर्ध्यापर्यंत सरळ आणि चकचकीत, करवतीचं पान फिरवल्यासारखं, आणि पुढं फाटलेलं. हँडब्रेकच्या तारेत स्प्लिट पिन नाही. तुटून राहिली असती तर तुकडा भोकात अडकला असता. भोक स्वच्छ आहे. दरीत काय काय होत असेल, देव जाणे.

उस्तादांनी विचारलं, "काय दिसलं?" मी म्हटलं, "विशेष काही नाही." खोटं बोलायचं नव्हतं. पण हरिओमदादांना शब्द दिला आहे.

१ डिसेंबर, सोमवार

आज दुपारी एका जीपचा ब्रेक करताना बोटाला ब्रेक ऑइल लागलं. सवयीनं वास घेतला. हाच वास. पातळ, गोडसर. राजूरला चाकाच्या आतल्या बाजूला जे होतं, ते ब्रेक ऑइल होतं.

म्हणजे गाडी सकाळपासूनच गळत होती, ब्रेक ऑइल थेंबाथेंबानं जात होतं, घाटापर्यंत डबीत काय उरलं असेल? आणि मी, मेकॅनिक म्हणवणारा, बोटावर घेऊन हुंगून सोडून दिलं. कारण मी फक्त माझं तेल शोधत होतो. एक दोष होता, आता दोन झाले. आदल्या दिवशी मीच सगळं तपासलं होतं, डबी भरलेली होती, नळी कोरडी होती. रात्रीतून कशी गळायला लागली? शेडमध्ये काही आदळलं असेल का, हे दादांनाच माहीत असणार.

हे एकट्याला सोसवेना. हरिओमदादांना फोन केला. राजूरचा डाग, नळीचं सरळ टोक, पिनेचं स्वच्छ भोक, सगळं क्रमानं सांगितलं. मला वाटलं रेंज गेली.

मग दादांनी विचारलं, "हे कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही, दादा."

"उस्तादाला? आईला?"

"नाही."

"बरं केलंस. लई हुशार हायस तू."

मी माऊलीची चौकशी केली. आज सकाळी त्यानं डोळे उघडले, भेटायला आलेल्या वंदनावहिनींचा हात धरला म्हणाले. बोलत मात्र नाही अजून. मी आनंदानं ओरडलोच. हरिओमदादांचा आवाज थकलेला होता. इतक्या दिवसांचं जागरण आहे.

उद्या पहाटे ते स्वतः मला न्यायला येणार आहेत. फर्दापूरला जबाब द्यायचा, पण त्याआधी घाटात उतरून ती जागा दोघांनी नीट बघायची, म्हणजे सांगताना चूक होणार नाही. हे मला पटलं. मोबाईल घरीच ठेव म्हणाले, ठाण्यात काढून घेतात, परत मिळायला त्रास होतो. आईचा जीव टांगणीला लागेल, तेव्हा तिला जालन्याला सामान आणायला जातो एवढंच सांगायचं.

आईला आत्ताच तसं सांगितलं. ती म्हणाली, "सामान आणायला पांढरी कापडं कशापायी काढलीस?" कपडे इस्त्री करून खुंटीला लावले आहेत. हरिओमदादांच्या शेजारी बसायचं तर नीटनेटकं असावं.